कालच्या काँक्रीटवर उभी परांची

उंचावर काम करताना काय काळजी घ्यायची, असं विचारलं की आपण पटकन म्हणतो, हेल्मेट घाला, पट्टा बांधा. बरोबरच आहे. पण मंडळी, पट्टा ज्याला अडकवायचा ते स्वतः कशावर उभं आहे? अमेरिकेत १९७८ साली हाच प्रश्न फार महागात पडला.

वेस्ट व्हर्जिनिया राज्यात ओहायो नदीकाठी विलो आयलंड नावाचं ठिकाण आहे. तिथे कोळशावर चालणारं वीजकेंद्र बांधत होते. त्याचे दोन कूलिंग टॉवर, म्हणजे काँक्रीटचे ते कमरेत बारीक असलेले अवाढव्य मनोरे. एक बांधून झाला होता, दुसऱ्याचं काम चालू होतं.

एवढ्या उंच मनोऱ्याला जमिनीपासून परांची बांधत बसणं परवडत नाही. म्हणून परांची मनोऱ्याच्या भिंतीलाच बोल्टने अडकवलेली. ५ फुटांचा एक थर ओतायचा, परांची वर सरकवायची, की पुढचा थर. काँक्रीटच्या बादल्या वर खेचणाऱ्या यंत्रणेचा भारही त्याच भिंतीवर. थोडक्यात, आजची माणसं आणि आजचा माल, सगळं कालच्या कामाच्या जिवावर!

२७ एप्रिल १९७८. सकाळचे दहा वाजून गेले होते. काम १६६ फुटांवर पोचलं होतं आणि २९व्या थराचं काँक्रीट वर चढत होतं. तिसरी बादली वर जात असताना आदल्या दिवशी ओतलेला २८वा थर खचला. तिथून दोन्ही बाजूंना गोल फिरत भिंतीचा वरचा भाग परांचीसकट सोलल्यासारखा निघून आला. परांचीवरचे सगळे, ५१ जण, गेले. त्यात एकाच कुटुंबातली ११ माणसं होती.

नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने तपास केला. निष्कर्ष साधा होता: २८व्या थरात पुरेशी ताकद येण्याआधीच त्याच्यावर भार टाकला गेला. काँक्रीट घट्ट होण्याचा वेग तापमानावर असतो, आणि आदली रात्र थंड होती. आपल्याकडे साध्या घराचा स्लॅब टाकला तरी मिस्त्री सेंट्रिंग काढायला कित्येक दिवस थांबतो. इथे भिंतीला जेमतेम एक दिवस मिळाला होता.

मला यात सगळ्यात भीतीदायक वाटतं ते हे, की आधीचे २७ थर याच पद्धतीने नीट चढले होते. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही "काल चाललं ना, मग आज पण चालेल" हे वाक्य रोज ऐकू येतं. पण वेळापत्रक दिवस मोजतं, काँक्रीट ऊब मोजतं. दोघांचा हिशोब एकदा चुकला, बस्स.

पुढे त्याच संस्थेत काँक्रीटच्या आतलं तापमान नोंदवून त्याची ताकद ओळखायच्या पद्धतीवर बरंच संशोधन झालं. १९८७ साली तिचं अमेरिकन मानकही निघालं. म्हणजे अंदाजाच्या जागी मोजमाप आलं.

तेव्हा उंच पाळण्यात, परांचीवर किंवा लिफ्टवर कुणी चढताना दिसलं, तर पट्टा बांधलाय का हे बघाच. पण खाली काय आहे आणि ते कुणी तपासलंय, हेही विचारा. वर चढणाऱ्याला ते विचारायची मुभा बहुतेक वेळा नसते.