पृष्ठप्रदेश : बंदर, कापूस आणि हमालाची पाठ

मराठवाड्याला समुद्र नाही. बंदराचा इतिहास मात्र मराठवाड्याला आहे आणि तो आपण अजून लिहिलेला नाही. गेल्या वर्षी वर्गात मुंबईच्या औद्योगिक वाढीचे प्रकरण शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने मध्येच विचारले, "सर, वाढवणला एवढं मोठं बंदर होतंय, त्यात आपल्या पोरांना काय मिळंल?" पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. अंदाजित खर्च ७६ हजार २२० कोटी रुपये. हिमायतनगरपासून ते शेकडो किलोमीटर दूर. मी तेव्हा काहीतरी उडवाउडवीचे उत्तर देऊन पुढचा मुद्दा घेतला. हा लेख त्या उत्तराची दुरुस्ती म्हणून लिहीत आहे.

बंदर किनाऱ्यावर बांधले जाते, पण ते चालते आतल्या मुलखावर. भूगोलाच्या पुस्तकात या मुलखाला 'पृष्ठप्रदेश' म्हणतात. पृष्ठ म्हणजे पाठ. परिभाषा घडविणाऱ्या विद्वानांच्या मनात हमालाची पाठ नसणार, पण शब्द नेमका पडला आहे. मुंबईचेच पाहा. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस तुटला आणि विलायतेची नजर वऱ्हाड-खानदेशाच्या काळ्या जमिनीवर पडली. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला. १८७० मध्ये खामगावच्या कापूस-बाजारापर्यंत रेल्वेचा फाटा गेला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. एका बाजारपेठेच्या फाट्यासाठी व्हाइसरॉयने खामगावपर्यंत यावे, यात सारे आले. पाठोपाठ १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्ट, १८७५ मध्ये ससून गोदी, १८८० मध्ये प्रिन्सेस, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा. रूळ आणि गोदी ही एकाच यंत्राची दोन टोके होती.

आपला मुलूख या यंत्राला उशिरा जोडला गेला. निजामाच्या राज्यात १८७४ मध्ये वाडी-सिकंदराबाद मार्ग झाला. मराठवाड्यातून जाणारा मनमाड-सिकंदराबाद मार्ग झाला तो १९०० च्या सुमारास, आणि तोही मीटरगेज. मुदखेडहून किनवटकडे गेलेला फाटा त्यानंतरचा. तो आमच्या वाढोण्यावरून गेला. हिमायतनगरचे हे जुने नाव, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहे. मीटरगेजचा अर्थ असा की नांदेड, उमरी, भोकरकडील गावरानी कापसाची गाठ मनमाडला पोचली की एका डब्यातून उतरवून दुसऱ्या, रुंद रुळावरच्या डब्यात भरावी लागे. इंजिनिअरांनी ठेवलेला हा फरक माणसांच्या पाठीने भरून काढला. रुंदीकरणासाठी गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा विकासाच्या चळवळीतील मंडळींनी वर्षानुवर्षे झगडा दिला आणि १९९२ पासून टप्प्याटप्प्याने रूळ बदलले. त्या लढ्याचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण त्याच्या आठवणी निघतात तेव्हा मालाचा खोळंबा ऐकू येतो, मनमाडच्या फलाटावर गाठ उचलणारा क्वचितच.

संस्थानाच्या राज्यकर्त्यांना समुद्र हवा होता तो वेगळ्या कारणासाठी. १७५९ मध्ये मच्छलीपट्टण इंग्रजांकडे गेले. १८०२ च्या व्यापारी तहाने ते बंदर वापरण्याची मुभा निजामाला मिळाली, पण दुसऱ्याच्या दारातून ये-जा करण्यासारखीच ती गोष्ट होती. १९४७ मध्ये इंग्रज निघणार हे दिसताच पोर्तुगिजांच्या ताब्यातील मार्मागोवा बंदर मिळविण्याच्या खटपटी हैदराबादने केल्या. लातूरचा वकील कासीम रझवी तर बंगालच्या उपसागराच्या लाटा निजामाचे पाय धुतील अशी भाषा सभांतून करीत होता. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने हे सारे आटोपले. ज्या राज्यात समुद्रासाठी दरबारी वाटाघाटी चालल्या होत्या, त्याच राज्यात माझा आजा हिमायतनगरच्या स्टेशनावर गाठी चढवीत होता. आजी सांगायची की त्याने समुद्र कधी पाहिला नाही. 'मुंबईचा माल' एवढेच त्याला ठाऊक. घरी येसकरीची पाळी होतीच, पण स्टेशनावर रोख पैसा मिळे. रोख पैशाला लागला म्हणून गावाने त्याचे बलुते एक वर्ष बंद केले. आजी हे सांगताना रागावत नसे, हसत असे. ते हसू मला बरेच उशिरा कळले.

आपल्या पुरोगामी मित्रांच्या कापसाच्या इतिहासात सावकार असतो, अडत्या असतो, मँचेस्टर असते. जात नसते. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी. आय. पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद झाली ती मनमाडला. गाठ जिथे डबा बदलत होती तिथेच बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो, हे त्यांनी तेथे दाखवून दिले. त्याला पोर्टर का करीत नाहीत? कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते, आणि तेथे विटाळ आडवा येतो. मुंबईच्या गिरण्यांतही हाच प्रकार होता. विणकामाच्या खात्यात धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून ते खाते अस्पृश्यांना बंद. गोदीत मात्र काम निव्वळ वजनाचे होते. जहाजाला घाई असते आणि गोणी कोणी उचलली हे ती पोटात गेल्यावर ओळखू येत नाही. कोकण-घाटावरच्या हजारो महार माणसांना मुंबईत जी रोखीची, गावकीबाहेरची कामे मिळाली त्यांत गोदी होती, रेल्वे होती. त्या पगारातूनच सभांची वर्गणी निघाली, पोरांची फी निघाली. चळवळीच्या अर्थकारणाचा हा धागा संशोधकांनी पुढे न्यायला हवा. बंदराने आपल्याला आणखीही एक वाट दिली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहासाठी बाबासाहेब आणि प्रतिनिधी मुंबईहून बोटीनेच निघाले आणि सावित्रीकाठच्या दासगाव बंदरात उतरून पायी महाडला गेले.

गोदीला मी स्वर्ग म्हणत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी, बाबासाहेबांच्या त्रेपन्नाव्या वाढदिवशी, व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला. त्याच्या पोटात सुमारे १४०० टन स्फोटके होती आणि कापसाच्या हजारो गाठी. बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. गोदी कामगार तोवर रोजच्या रोज दारात उभा राहून काम मागणारा माणूस होता. त्याची नोंद ठेवावी ही शिफारस १९३१ मध्येच शाही मजूर आयोगाने केली होती; कायदा व्हायला १९४८ साल उजाडले. त्या कायद्याने पुढे डॉक लेबर बोर्ड आले, हजेरीपट आला, काम नसलेल्या दिवसाचाही थोडा पैसा आला.

माझे मामा १९७२ च्या दुष्काळात मुंबईला गेले ते बोर्डाच्या नोंदीत कधी आले नाहीत. एका मुकादमाकडे त्यांनी बाहेरच्या बाहेर काम केले. गोणी ओढायचा लोखंडी आकडा त्यांनी अजून जपून ठेवला आहे. समुद्र कसा दिसतो, असे मी लहानपणी विचारले तेव्हा म्हणाले, "पाठीवर गोणी असल्यावर मान वर होत न्हाई, लेकरा. दर्या दिसंल कुठून?"

त्यांची पाठ रिकामी झाली ती पेटीमुळे. कंटेनर ही साधी लोखंडी पेटी आहे. ती कारखान्यात भरायची, सील करायची आणि थेट परदेशी बंदरात उघडायची. मध्ये गोणी नाही, आकडा नाही, माणूस नाही. एक क्रेन तासाला पंचवीस-तीस पेट्या सहज हलविते. अशा पेट्यांसाठी न्हावा-शेवा येथे नवे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. त्या भागातील भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व निघाले. हे तत्त्व मोठे आहे. पण साडेबारा टक्के कशाचे? ज्याच्या नावे जमीन होती त्याच्या जमिनीचे. ज्याच्या नावे काहीच नव्हते त्याचे साडेबारा टक्के शून्यच भरतात. पुढे १९९७ मध्ये १९४८ चा कायदा बड्या बंदरांना लागू राहू नये अशी तरतूद करणारा कायदा झाला. २०२२ मध्ये न्हावा-शेव्याच्या बंदराने स्वतः चालविलेला कंटेनर धक्काही खाजगी कंपनीकडे दिला. प्राधिकरण आता जमीनमालक आणि कंपन्या भाडेकरू. आरक्षण जमीनमालकाच्या कचेरीत लागू, धक्क्यावर नाही.

वाढवणचे धक्के याच पद्धतीने खाजगी भागीदारीत उभे राहायचे आहेत. तेथील मच्छीमारांचा आणि आदिवासींचा विरोध जुना आहे. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये बंदर नाकारले होते, २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने संमती दिली. आपल्या बाजूला, जालन्याजवळ, कोरड्या बंदराची पायाभरणी २०१५ मध्येच झाली. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जालन्यावरून जातो, २०२५ मध्ये तो पूर्ण खुला झाला आणि जालना-नांदेड जोडरस्ता आखलेला आहे. म्हणजे बंदर चालत चालत आपल्या शिवारापर्यंत येत आहे. रस्त्यासाठी जमीन जाते तेव्हा मोबदला सातबारा पाहून मिळतो. गायरान कसणाऱ्या आपल्या माणसाचा सातबारा कोठे आहे? १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला, तरी कित्येकांच्या हाती दंडाच्या पावत्यांखेरीज काही नाही. त्या पावत्या जपून ठेवा, असे मी भेटेल त्या कार्यकर्त्याला सांगतो. १९८४ मध्ये दांडेकर समितीने रस्त्यांचाही अनुशेष जिल्हावार मोजला. तो जातवार मोजायची बुद्धी कोणाला झाली नाही. हे काम आता महाविद्यालयांतल्या आपल्या पोरांनीच गावोगाव फिरून करावे लागेल.

त्या विद्यार्थ्याला घेऊन मी दिवाळीच्या सुट्टीत मामांकडे गेलो. त्याने मोबाइलवर वाढवणचा नकाशा उघडला : नऊ कंटेनर धक्के, रेल्वेचे रूळ, आठपदरी रस्ता. मामांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "ह्याच्यात हमाल कुठं उभा ऱ्हातो?" पोराने दोन बोटांनी नकाशा मोठा केला आणि शोधू लागला.