घराण्याचा शोध नकाशावर

आपले पूर्वज कोण, असे कुणी विचारले की आपण तीन-चार पिढ्यांची नावे सांगतो आणि थांबतो. पुढची वाट बहुधा नावाने सापडत नाही, गावाने सापडते. म्हणून वंशावळ लिहावयास बसणाऱ्याने जवळ नकाशा ठेवावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

कायगाव आणि टोके ही गावे घ्या. मध्ये गोदावरी, जिला आपण गंगाच म्हणतो. सोयरीक व्हायला नदी काही आडवी येत नाही. पण स्वातंत्र्यापूर्वी कायगाव निजामाच्या राज्यात, तर टोके इंग्रजांच्या नगर जिल्ह्यात होते. आजोबा कायगावचे आणि आजीचे माहेर टोक्याचे असेल, तर एकाच घरची दप्तरे दोन राज्यांत पडली. इकडच्या दप्तरात उर्दू आणि फसली सन. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन साधारण येतो. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. सरहद्द ठाऊक नसेल, तर आजीच्या माहेरचा माग भलत्याच कचेरीत काढत बसाल!

सरहद्दी पुढेही हलल्या. १९८१ साली जालना जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे अंबडच्या माणसाच्या जुन्या कागदावर ‘जिल्हा औरंगाबाद’ असते. शिवाय पिंपळगाव, वडगाव अशी नावे तालुक्यातालुक्यांत आहेत. तेव्हा नुसते गाव नव्हे, तालुका आणि शेजारची गावेही टिपून घ्या. जुन्या खरेदीखतातील चतुःसीमा, म्हणजे पूर्वेस कुणाचे शेत, पश्चिमेस कोणता ओढा, ही येथे फार उपयोगी पडते. ती गावनकाशाशी आणि १९५४ च्या खासरा पत्रकाशी ताडून पाहा.

आणि गावच उरले नसेल तर? पैठणच्या धरणाची कोनशिला १९६५ साली बसली, १९७६ साली त्याचे उद्घाटन झाले, आणि गोदाकाठची कित्येक गावे नाथसागराखाली गेली. लोक नव्या गावठाणात गेले, गावाचे नावही बरोबर घेऊन गेले. आजचा नकाशा ही नवी जागा दाखवतो. पणजोबांचा वाडा, विहीर, मसणवटा मात्र जुन्या जागी. ती जागा पाहावयाची तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे धरणापूर्वीचे नकाशे काढावे लागतात. आपला बराचसा भाग ‘४७ एम’ या क्रमांकात येतो. एका इंचास एक मैल अशा त्या नकाशांत देवळे, विहिरी, गाडीवाटासुद्धा दाखविलेल्या असतात.

पण मळ्यांची, पाणवठ्यांची, उताराची नावे नकाशात नसतात. ती माणसांच्या तोंडी असतात. शिक्षकबंधूंनी मुलांना जुन्या नकाशाची प्रत देऊन म्हाताऱ्या माणसांकडे पाठवावे आणि ती नावे जागच्या जागी लिहून घ्यावीत. धरणाचे उद्घाटन झाले तेव्हा जे विशीत होते, ते आज सत्तरीत आहेत. हे काम येत्या सुट्टीतच करावे.