काखेतली गाठ

आपल्या गटातल्या एका ताईंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं. मध्यंतरी अंघोळ करताना त्याच बाजूच्या काखेत वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. पंधरा दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत. परत आलाय म्हणजे आता संपलं, एवढंच मनात. त्यांना जी जुनी हकिकत सांगितली, तीच आज तुम्हाला सांगते.

पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येतं ना? तशा बारीक गाठी काखेतही असतात, त्यांना लसिका ग्रंथी म्हणतात. स्तनातला कॅन्सर पसरताना बऱ्याचदा आधी तिथं पोचतो.

अमेरिकेत बाल्टिमोरला हॉल्स्टेड नावाचे सर्जन होते. कॅन्सर पायरी-पायरीने सरकतो, तेव्हा सगळं मुळापासून काढा, असं त्यांचं मत. 1894 मध्ये त्यांनी आपली पद्धत छापली. स्तन, खालचे छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं एकदम काढायचं. पुढं कितीतरी वर्षं हेच चाललं. छाती खोल जायची, हात सुजायचा. अशा हाताने घागर कशी उचलायची, हे बाईलाच कळणार!

1971 मध्ये बर्नार्ड फिशर या सर्जननी अमेरिका आणि कॅनडातल्या बायकांवर मोठी चाचणी सुरू केली. एकूण 1665 जणी. ज्यांच्या काखेत गाठ लागत नव्हती, त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. पहिल्याला हॉल्स्टेडचं मोठं ऑपरेशन. दुसऱ्यात स्तन काढून किरणोपचार, म्हणजे आपण ‘लाईट’ म्हणतो ते. तिसऱ्यात फक्त स्तन काढला. काखेला हात लावला नाही, लक्ष ठेवलं.

या तिसऱ्या गटात 100 मधल्या 18-19 जणींच्या काखेत पुढं कॅन्सरची गाठ आली, बहुतेकींना पहिल्या दोन वर्षांतच. तेव्हा काखेचं ऑपरेशन केलं. 25 वर्षांचा हिशेब 2002 मध्ये छापून आला. सगळ्या वाचल्या असं नाही, पण तिन्ही गटांच्या जगण्यात म्हणावा असा फरक नव्हता. काखेत गाठ म्हणजे शेवटच, असं असतं तर तिसरा गट मागे पडला असता.

आता बऱ्याच जणींच्या काखेतल्या आधी दोन-चार गाठीच काढून तपासतात.

सोमवारी ताईंना घेऊन जिल्ह्याला गेले. सोनोग्राफी झाली, सुईने नमुना घेतला. रिपोर्ट शुक्रवारी आहे. या वेळी त्यांच्या सूनबाईही येणार आहेत.