अजिंठ्याच्या लेण्यांतील तरुण चित्रकार

आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील आणि तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या अजिंठ्यात 1872 पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या आणि त्यांतूनच पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखा नामवंत चित्रकार घडला. त्या कष्टाच्या कामाचा मोठा भाग लंडनला पाठवल्यावर 1885 मध्ये तिथे लागलेल्या आगीत नष्ट झाला, ही हानी कधीच भरून येणारी नव्हती.

पुढे लेडी हेरिंगहॅम यांनी 1909 ते 1911 या काळात हेच काम पुन्हा हाती घेतले, तेव्हा भगिनी निवेदितांच्या आग्रहामुळे कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार हे तरुण आले. पुढे शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख झालेल्या आणि 1954 मध्ये पद्मविभूषणाने गौरवल्या गेलेल्या नंदलालांच्या रेषेवर अजिंठ्याची छाप दिसते. त्यांच्या तुलनेत हैदराबादचे सय्यद अहमद यांचे नाव अकारण मागे पडले. हेरिंगहॅम यांच्या पथकात प्रतिकृती काढणारे हे चित्रकार पुढे अजिंठ्याचे अभिरक्षक, म्हणजे लेण्यांची देखरेख करणारे अधिकारी, झाले.