वायरविना चालणारी अवजारे आणि बॅटरीचे गणित

सांगलीहून तासगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर माधवनगर लागते. यंत्रमाग आणि व्यापारी पेठ यांमुळे जुन्या पिढीला परिचित असलेल्या या गावाच्या एका अंगाला सांगली-कुपवाडचा औद्योगिक पट्टा आहे. बुधगाव, कवलापूर मागे टाकले की दुसऱ्या अंगाला तासगावचा द्राक्षपट्टा सुरू होतो. एकीकडे लेथ, वेल्डिंग आणि फॅब्रिकेशनची लहान वर्कशॉप, दुसरीकडे विजेच्या बोर्डापासून लांब असलेल्या बागा. अशा टापूत बॅटरीवर चालणाऱ्या हातयंत्रांना गिऱ्हाईक मिळाले नसते तरच नवल. पत्र्याच्या शेडवर चढणाऱ्या कारागिराला पूर्वी खालून लांबलचक वायर ओढून घ्यावी लागे आणि ती कुठे अडकते, कुठे सोलते, याकडे एका माणसाला लक्ष ठेवावे लागे. ड्रिल कमरेला अडकवून शिडी चढता येऊ लागली आणि हा खटाटोप संपला.

तरीही हौसेने घेतलेले यंत्र काही दिवसांतच कोपऱ्यात पडल्याची उदाहरणे थोडी नाहीत. ‘बॅटरी टिकत नाही’ ही तक्रार सर्वांत मोठी. पुष्कळदा दोष यंत्रात नसतो. कामाचा आणि बॅटरीचा हिशेबच आधी जुळवलेला नसतो.

बॅटरीवरचे ड्रिल हा चांद्रमोहिमेसाठी लागलेला शोध, अशी समजूत प्रचलित आहे. ती खरी नाही. अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर या कंपनीने असे ड्रिल १९६१ मध्येच बाजारात आणले होते. चंद्राच्या पृष्ठभागाखालील नमुने काढण्यासाठी अपोलो मोहिमांत वापरलेले बॅटरीवरचे ड्रिल नंतरचे. ते १९७१ मध्ये अपोलो-१५ बरोबर गेले. जपानच्या माकिता कंपनीने १९७८ मध्ये निकेल-कॅडमियम बॅटरीचे ड्रिल आणले. या बॅटऱ्या जड होत्या, वापर नसतानाही उतरत आणि त्यांतील कॅडमियम विषारी. खरा पालट घडवला तो लिथियम-आयन बॅटरीने. सोनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली, २००३ च्या सुमारास ती लहान स्क्रू ड्रायव्हरमध्ये आणि २००५ पासून मोठ्या अवजारांत आली. या बॅटरीच्या विकासासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पंख्याइतकी वीज

बॅटरीच्या डब्यात जाड पेन्सिल सेलसारखे दिसणारे अनेक सेल असतात. प्रत्येक सेलचा दाब साधारण ३.६ व्होल्ट. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट होतात. हेच पाच सेल नुकते पूर्ण चार्ज झालेले असताना २० व्होल्टच्या थोडा वर दाब दाखवतात. त्यामुळे काही कंपन्या याच बॅटरीवर ‘२० व्होल्ट मॅक्स’ असे छापतात. दुकानात १८ पेक्षा २० व्होल्टचे यंत्र अधिक ताकदीचे म्हणून सांगितले जात असेल, तर तो केवळ लेबलचा फरक आहे हे गिऱ्हाइकाने ओळखावे.

बॅटरीत साठा किती, हे व्होल्टला अँपिअर-तासाने गुणले की कळते. १८ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ७२ वॉट-तास. घरातला छताचा जुन्या पद्धतीचा पंखा तासाभरात साधारण एवढीच वीज खातो. आता वायरवर चालणारा चार इंची ग्राइंडर घ्या. तो पूर्ण भारावर ७०० वॉटच्या आसपास वीज घेतो. तेवढेच काम बॅटरीवर सलग करायचे म्हटले, तर ७२ वॉट-तासांचा साठा जेमतेम सहा मिनिटांत संपेल. फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये गेटच्या जोडांवरचे वेल्डिंग दिवसभर घासायचे असेल, तर बोर्डाला जोडलेला ग्राइंडरच हवा.

याउलट पत्र्याच्या शेडवर सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारायचे काम पाहा. प्रत्येक स्क्रूला काही सेकंद पुरतात. मग हात पुढे सरकतो आणि तेवढा वेळ यंत्र स्वस्थ असते. दारांना बिजागऱ्या बसवणे, फर्निचर जोडणे, इमारतीत पाइपच्या क्लॅम्पसाठी भोके पाडणे, ही सगळी अशीच थांबत-थांबत होणारी कामे. बॅटरीवरची यंत्रे इथे खरी शोभतात. स्क्रूसाठी धक्के देत फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर साध्या ड्रिलपेक्षा हाताला कमी पीळ देतो. काँक्रीटमध्ये रोज भोके पाडायची असतील, तर साध्या हॅमर ड्रिलवर भागवू नये. रोटरी हॅमर घ्यावा. कार्बन ब्रश नसलेली, म्हणजे ब्रशलेस मोटर महाग पडते. पण त्याच बॅटरीवर ती अधिक काम देते आणि कमी तापते. रोजच्या वापराला ती परवडते, महिन्यातून एकदा फळी ठोकणाऱ्याला तिची गरज नाही.

बागेत आणि अंगणात

द्राक्षबागेची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी. दिवसभर हाताच्या कात्रीने काड्या कापून मनगटे भरून येतात. बॅटरीवरची कात्री बोटाच्या इशाऱ्यावर चालते, हा मोठा आराम. पण ती काडी आणि बोट यांत भेद करत नाही. दुसरा हात पात्यापासून लांब ठेवण्याची सवय जुन्या कात्रीवर हात बसलेल्यांनाही नव्याने लावून घ्यावी लागते.

पाठीवरच्या फवारणी पंपांत मात्र बहुधा १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते आणि तिची तऱ्हा निराळी. ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतील पट्ट्यांवर थर साचतो आणि बॅटरी बाद होते. म्हणून पंप ठेवून देताना ती पूर्ण चार्ज करावी आणि अधूनमधून पुन्हा चार्ज करीत राहावे. लिथियम बॅटरीचे उलट आहे. ती निम्मी भरलेली, थंड आणि कोरड्या जागी ठेवली की अधिक टिकते. दोन्ही एकाच पद्धतीने वापरणाऱ्याची एक बॅटरी हमखास लवकर जाते. मोठ्या बागेच्या फवारणीसाठी ट्रॅक्टरवरच्या ब्लोअरला पाठीवरचा पंप पर्याय नाही, हेही सांगायला हवे.

शहरातील घरमालकांना अलीकडे एका हाताने चालणाऱ्या छोट्या चेन सॉचे आकर्षण वाटू लागले आहे. वळवाच्या वाऱ्याने वाकलेली फांदी उतरवायला ती सोयीची. पण शिडीवर उभे राहून, एका हाताने फांदी धरून ती चालवणे हा जिवाशी खेळ आहे. शिवाय महापालिका हद्दीत झाडांचे संरक्षण व जतन करण्यासंबंधीचा १९७५ चा राज्याचा कायदा लागू आहे. बुंधा तोडणेच नव्हे, फांद्या छाटणेही त्याच्या कक्षेत येते. परवानगी आधी, करवत नंतर.

धोका वायरबरोबर जात नाही

ओल्या जमिनीवर सोललेल्या वायरचा शॉक बसण्याचा धोका या यंत्रांनी टळतो, यात शंका नाही. मात्र भिंतीत दडलेल्या वायरला ड्रिलचे टोक लागले, तर बॅटरीचे यंत्रही वाचवणार नाही. पिन काढली की वायरचे यंत्र मृत होते. बॅटरीचे यंत्र सदैव जागे असते. ग्राइंडरची चकती किंवा करवतीचे पाते बदलताना बॅटरी आधी बाहेर काढावी. चकतीवर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी नसावा आणि मोठी चकती बसावी म्हणून गार्ड काढून टाकण्याचा प्रकार तर कधीच करू नये.

उन्हाळ्यात सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो. काम करून तापलेली बॅटरी लगेच चार्जरवर चढवू नये. ती हाताला गार लागेपर्यंत थांबावे. सुताराच्या भुश्शाने भरलेल्या टेबलावर, रात्रभर, कोणी नसताना चार्जिंग लावणे टाळावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले होते. अशा पुराच्या पाण्यात बुडालेली बॅटरी उन्हात वाळवून पुन्हा चार्ज करण्याचा मोह धोक्याचा आहे. आत शिरलेल्या पाण्याने काही दिवसांनीही शॉर्ट होऊन ती पेट घेऊ शकते. ती घराबाहेर, मोकळ्या जागी ठेवावी.

खरेदीत पहिले यंत्र जपून निवडावे, कारण त्याबरोबर बॅटरीचे घराणेही निवडले जाते. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्रात सहसा बसत नाही. पुढची यंत्रे त्याच घराण्यातली, बॅटरीविना घेतली की खर्च वाचतो. वीज गेल्यावर चार्जरही बंद पडतो, हे लक्षात घेऊन दुसरी बॅटरी हाताशी असावी. स्वस्तात सेल बदलून मिळतात तिथे सेलचा दर्जा आणि आतले संरक्षक सर्किट यांची खात्री नसते. अमेरिकेतील नातेवाइकांकडून यंत्र मागवणाऱ्यांनी चार्जरवरचा मजकूर वाचावा. तिथला १२० व्होल्टचा चार्जर इथल्या २३० व्होल्टला लावताच जळतो. विमानात सुटी लिथियम बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही; हातातल्या पिशवीतही १०० वॉट-तासांवरील बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांची बॅटरी ९० वॉट-तासांची, म्हणजे मर्यादेत बसते.

निकामी बॅटरी भंगारात किंवा घंटागाडीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विक्रेत्याकडे वा सर्व्हिस सेंटरकडे ती देताना दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे वाटेत किल्ल्या किंवा खिळे लागून शॉर्ट होणार नाही.