पाठीवर लिहिणारा कॅमेरा

दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावरची ट्रंक खाली उतरली, की हट्ट्याच्या आमच्या घरात एक वाद दरसाल निघतो. ट्रंकेत एक फोटो आहे, पत्त्याच्या पानाहूनही लहान. निजामी अमलात हैदराबादेहून आलेल्या कुणा पाहुण्याने तो काढला. पणजोबा, पणजी, तिच्या मांडीवर आजोबा, आणि उजवीकडे दाराला टेकून उभी असलेली एक बाई. ती कोण, यावर घरात दोघांचे एकमत नाही.

पाहुण्याजवळ घडीचा कॅमेरा होता, एवढे आजोबांच्या कानांवर होते. फोटोच्या आकारावरून मला वाटते, तो कोडॅकचा व्हेस्ट पॉकेट असावा.

कोडॅकचे घडीचे कॅमेरे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाले. त्याआधी पेटी काखोटीला मारून हिंडावे लागे. यात कातडी भाता असे. झाकण उघडून भिंग पुढे ओढले की काम झाले. १९०३ सालचा '३ ए' पोस्टकार्डाएवढे फोटो काढी, पण त्याला खिसाही तसाच दांडगा हवा. १९१२ साली व्हेस्ट पॉकेट आला. किंमत सहा डॉलर, भात्याच्या दोन्ही अंगांना कातरीसारखे सांधे, रिळात आठ फोटो. मिटला की जाकिटाच्या खिशात जाई. पहिल्या महायुद्धात 'शिपायाचा कॅमेरा' म्हणून त्याची जाहिरात झाली. ब्रिटिश लष्कराने बंदी घातली तरी तो लपूनछपून खंदकांत पोचलाच. १९२६ पर्यंत तो वीस लाखांच्या घरात खपला.

पण मला मोह पडतो तो त्याच्या पाठीवरच्या खिडकीचा. फोटो काढला की ती उघडायची, कॅमेऱ्यालाच अडकवलेली धातूची लेखणी काढायची आणि रिळाच्या कागदावर नाव, गाव, तारीख लिहायची. कागद आणि फिल्म यांच्यामध्ये कार्बनसारखा पातळ कागद असे. लेखणीच्या दाबाखाली त्यातून उजेड जाऊ लागे. खिडकी काही क्षण आकाशाकडे धरली, की अक्षरे दोन फोटोंच्या मधल्या पट्टीवर उमटत. ही युक्ती हेन्री गाइसमनची. ईस्टमनने तिचे तीन लाख डॉलर मोजले आणि १९१४ पासून एकेका नमुन्याला खिडकी बसवली. लोकांनी ती फारशी उघडली नाही. १९३२ साली ती फिल्मच बंद झाली. वहीवर नाव घाला, हे वर्गात मला दरसाल सांगावे लागते. तेव्हा नवल कसले?

१९२४ साली मॅलरी आणि अर्व्हिन एव्हरेस्टच्या माथ्याजवळ दिसेनासे झाले. सॉमरव्हेल या सोबत्याने दिलेला व्हेस्ट पॉकेट त्यांच्याजवळ होता, असे मानतात. ते शिखरावर पोचले का, याचे उत्तर त्या रिळात असेल. मॅलरीचा देह १ मे १९९९ रोजी सापडला (त्याच दिवशी परभणीतून आमचा हिंगोली जिल्हा वेगळा झाला!), पण कॅमेरा नव्हता. २०२४ साली हिमनदीवर एक बूट सापडला. आतल्या मोज्यावर नावाची पट्टी शिवलेली होती, म्हणून तो अर्व्हिनचा हे कळले.

आमच्या फोटोच्या पाठीवर काहीच नाही. यंदा थोरल्या आत्या आल्या. फोटो उजेडाला नेऊन म्हणाल्या, "अरे, ही आजोबांची बहीण, कोंडाबाई. लहानपणीच विधवा झालेली. बापूंना हिनंच वाढवलं." काका म्हणाले, "छे! ती गावातली सुईण." आत्या काही न बोलता पुन्हा वाती वळायला बसल्या.

मी पेन्सिलीला टोक काढले आणि फोटोच्या पाठीवर दोन्ही लिहून ठेवले. कोंडाबाईचे नाव आधी.