उपटलेला केस पुन्हा का उगवतो

* केस ‘मुळासकट’ उपटला, हे म्हणणे ढोबळ आहे. केस उपटला तरी त्याच्या तळाशी बसलेला अंतस्त्वचेतील पेशींचा पुंजका, म्हणजे डर्मल पॅपिला, बहुधा जागेवरच राहतो. त्याचे रासायनिक इशारे मिळाले की बाह्यत्वचेच्या मूळपेशी विभागू लागतात आणि नवा केस घडतो. केसाची जाडीही बव्हंशी या पुंजक्याच्या आकारावर ठरते. १९९९ साली कॉलिन जाहोडा व सहकाऱ्यांनी पुरुषाच्या डोक्यातील केशमुळाच्या आवरणाचे तुकडे एका स्त्रीच्या कोपराखालच्या हातावर रोवले. तिथे चांगले जाड केस आले. नवल म्हणजे परक्या पेशी असूनही तिच्या शरीराने त्या नाकारल्या नाहीत. टकलावर इलाज मात्र त्यातून निघाला नाही : प्रयोगशाळेत वाढवताना माणसाच्या पॅपिलापेशी केस उगवण्याचा गुणच गमावत जातात. – संपा.